चहाच्या फ्रँचायझीत मालक नक्की कोण, मी का कंपनी?

कर्वेनगरला चहाची फ्रँचायझी घ्यायचीये आणि कंपनीवाले म्हणतायत 'सगळं आम्ही बघतो', मग मालक कोण, असं तुम्ही विचारलंय. दुकान तुमचं, नाव त्यांचं. भाडं, डिपॉझिट, पोरांचे पगार, लाइट बिल, शॉप ॲक्ट, फूड लायसन सगळं तुमच्या अंगावर, आणि पाटी, मेनू, कपाचा रेट ते ठरवणार. शेजारच्या टपरीवाल्याने रेट पाडला तर तुम्ही कंपनीला फोन लावून विचारत बसायचं.

मी सिंहगड रोडला असंच एक आउटलेट चालवतो म्हणून सांगतो, 'झिरो रॉयल्टी' (म्हणजे नाव वापरायचे दर महिन्याला पैसे नाहीत) वाचून लगेच खूश होऊ नका. कंपनीचा पैसा मसाल्यात असतो. पावडर, मसाल्याची पाकिटं, छापील कप त्यांच्याकडूनच घ्यायचे असं करारात असतं, आणि त्याच तोडीची पावडर रविवार पेठेत होलसेलला कितीला पडते ते एकदा विचारून या, मग कळेल रॉयल्टी कुठे गेली ते. जिथे उघड रॉयल्टी असते तिथे ती बहुतेक विक्रीवर असते, नफ्यावर नाही, म्हणजे महिना तोट्यात गेला तरी द्यायचीच, वर १८ टक्के जीएसटी.

आणि तुम्हाला हे विकतोय तो कोण? बऱ्याचदा तो कंपनीचा माणूस नसतोच, एरियाचे हक्क घेतलेला मास्टर फ्रँचायझी असतो नाहीतर नुसता कमिशनवाला. काही मोठ्या ब्रँडचं वेगळं असतं, भारतात डॉमिनोजचे हक्क घेतलेली ज्युबिलंट कंपनी सगळी दुकानं स्वतःच चालवते, पुढे कुणाला देत नाही, त्यामुळे फेसबुकवर डॉमिनोजची फ्रँचायझी विकणारा दिसला की सरळ ब्लॉक करा.

आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही, १८७२ चा करार कायदा आणि कागदावर लिहिलंय ते. म्हणून सही कुणाची आहे ते बघा, ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे ते आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर फुकटात दिसतं, दोन्ही नावं जुळत नसतील तर हक्क कुठून आले त्याचा कागद मागा. 'जवळपास दुसरं आउटलेट देणार नाही' हे तोंडी सगळेच म्हणतात, किती अंतर ते लिहून घ्या. दुकानाच्या लीव्ह-लायसनचा लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही तो) फ्रँचायझीच्या मुदतीपेक्षा मोठा नको, नाहीतर पाटी उतरते आणि भाडं चालू राहतं.