घोटाळ्यावरचं नाटक लिहितोयस तर आधी प्रेक्षकाला भुलव

प्रिय मित्रा,

तुझा ड्राफ्ट सावकाश वाचला. अभ्यास दणकून केलायस हे पानापानावर दिसतं, कोर्टातल्या साक्षी, ऑडिट रिपोर्ट, ईमेल्स, सगळं. पण पहिल्याच प्रवेशात तुझा सीईओ आत येतो आणि तोंड उघडायच्या आधीच कळतं की हा चोर आहे. मग पुढचे दोन तास आम्ही काय करायचं? तो पकडला जाणार हे तर पेपरात छापून आलंय, तिकीट काढतानाच लोकांना माहितीये. म्हणजे शेवटाची उत्सुकता तुझ्या हातात नाहीच. तुझ्या हातात आहे ते एवढंच की इतक्या हुशार, शिकलेल्या, चांगल्या घरच्या माणसांनी याला हो कसं म्हटलं, आणि ते दाखवायचं असेल तर त्या हो मध्ये प्रेक्षकालाही ओढावं लागेल. मध्यंतरापर्यंत शेअर वर जावा असं त्यालाही मनापासून वाटलं पाहिजे.

ल्युसी प्रेबलचं 'एन्रॉन' हे नाटक, त्याच नावाच्या घोटाळ्यात बुडालेल्या अमेरिकन ऊर्जा कंपनीवरचं, पुन्हा वाच, या वेळी फक्त रचनेसाठी. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या चिचेस्टरला आलं, रुपर्ट गूल्डचं दिग्दर्शन. अगदी सुरुवातीलाच येते ती एक पार्टी. कसली पार्टी, तर हिशेबाची एक पद्धत मंजूर झाल्याची! मार्क टू मार्केट. समजा वीस वर्षांचा करार आज सही झाला, तर वीस वर्षांत जो नफा होईल असा अंदाज आहे तो आजच वह्यांत धरायचा. पैसा अजून आलेला नाही पण नफा जाहीर. आणि लक्षात घे, १९९२ मध्ये एन्रॉनला ही परवानगी खुद्द अमेरिकेच्या बाजार नियामकाने दिली होती. म्हणजे पहिलं पाऊल कायदेशीर होतं, लोक ग्लास उंचावत होते. प्रेक्षक पण हसतो, त्याला ती माणसं आवडतात. तुझ्या नाटकात हे पहिलं कायदेशीर पाऊलच नाहीये, तू थेट खोट्या बिलांवर उडी मारलीस.

आता आकड्यांचं. तुझं एक पात्र सलग दीड पान उभं राहून ऑफ बॅलन्सशीट कंपनी म्हणजे काय ते समजावतं. एकही नट ते वाचवू शकणार नाही. 'एन्रॉन'मध्ये हेच काम कंपनीचा वित्तप्रमुख अँडी फास्टो खोक्यांनी करतो. खरा नियम असा होता की अशा बाजूच्या कंपनीत निदान ३ टक्के भांडवल बाहेरचं असलं की तिचं कर्ज मूळ कंपनीच्या ताळेबंदात दाखवायची गरज नाही. मग ते ३ टक्के पण आणखी एका कंपनीकडून आणायचे, तिचे ३ टक्के तिसरीकडून, खोक्यात खोकं, त्यात खोकं, आणि सगळ्यात आत एक एवढंसं लाल चमकणारं खोकं, तेवढाच काय तो खरा पैसा. मिनिटभरात कळतं, आणि कळल्यावर प्रेक्षकाला स्वतःच्या हुशारीचा जो आनंद होतो ना, तोच आनंद फास्टोलाही झालाय. तिथे आपण त्याचे साथीदार होतो, हीच खरी करामत आहे.

मग ते रॅप्टर. तळघरात डायनासोरची मुंडकी घातलेले नट, जे कर्जाच्या नोटा खातात. हे नुसतं चमकदार म्हणून आणलेलं नाही, त्या बाजूच्या कंपन्यांचं नाव कागदोपत्री खरंच रॅप्टर होतं. त्यांना आधार होता तो एन्रॉनच्याच शेअरचा, त्यामुळे शेअर घसरला की ज्यांनी तोटा झेलायचा त्याच कोसळणार. प्रतिमा हिशेबातूनच उगवलीय, म्हणून टिकते. तू जे आरशांचं नृत्य टाकलंयस ते कुठल्याही घोटाळ्याला चालेल, म्हणूनच मला ते नको वाटतं. तुझ्या कंपनीचा घोटाळा नेमका कसा चालायचा ते एका वाक्यात लिही, आणि त्या वाक्यातून वस्तू शोध.

एक सांगून ठेवतो, हे नाटक लंडनमध्ये गाजलं आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०१० मध्ये एप्रिलअखेर उघडून मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंद पडलं. कारणं बरीच सांगतात लोक. मला वाटतं ज्या देशात माणसांची पेन्शन बुडाली तिथे तो झगमगाट पचायला जड गेला असेल. तेव्हा झगमगाट करायचा तर कोणापुढे करतोयस याचा विचार कर.

आणि मोठा सेट नसला तरी काही अडत नाही. ग्रॅनव्हिल बार्करचं 'द व्हॉयसी इन्हेरिटन्स' १९०५ चं आहे, एका वकिलाच्या ऑफिसात बाप मुलाला सांगतो की अशिलांच्या ठेवींवर तो वर्षानुवर्षं सट्टा खेळतोय, पण व्याज प्रत्येकाला वेळच्या वेळी जातं म्हणून कोणी विचारत नाही. बाप गेल्यावर घरच्यांना कळतं, आणि तरी घर तसंच चालू ठेवायची सगळ्यांची इच्छा असते! मुलगा एडवर्ड ठरवतो की आधी छोट्या अशिलांचे पैसे गुपचूप भरून काढायचे, म्हणजे प्रामाणिक व्हायसाठी त्याला लबाडीच पुढे चालवावी लागते. असा पेच तुझ्या नाटकात एकाही माणसाकडे नाहीये रे. तुझे सगळे एकतर चोर नाहीतर संत. आर्थर मिलरच्या 'ऑल माय सन्स' (१९४७) मधला कारखानदार बघ, जो केलर नावाचा, तडे गेलेले विमानाच्या इंजिनाचे भाग पाठवतो, २१ वैमानिक मरतात, आणि सगळं नाटक घडतं घरामागच्या अंगणात. शेजारी त्याच्याशी पत्ते खेळतात. तो म्हणतो घरासाठी केलं, आणि ते खोटं नसतं, हेच भयंकर आहे.

नावांचं मात्र आत्ताच ठरव. गुंतवणूकदारांना बुडवणाऱ्या अमेरिकन बर्नी मेडॉफवरच्या डेब मार्गोलिनच्या नाटकात नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल हे पात्र होतं, त्यांनी स्वतः आक्षेप घेतला, वॉशिंग्टनमधला प्रयोग बारगळला आणि लेखिकेला तिथे काल्पनिक माणूस घालावा लागला. वीझेल त्या घोटाळ्यात बुडालेल्यांपैकी होते हे विसरू नकोस. सिद्ध झालेल्या गुन्हेगारावर लिहिणं वेगळं, आणि ज्याचे पैसे गेले त्याच्या तोंडी आपले संवाद घालणं वेगळं. तुझ्या ड्राफ्टमधल्या त्या निवृत्त बाईंचं नाव, गाव, नोकरी सगळं बदल, साक्षीत आहे म्हणून काय झालं, त्यांनी ती कोर्टाला दिली होती, आपल्याला नाही.

पुढच्या वेळी अख्खं नाटक पाठवू नकोस. अकाउंट्समधली ती मुलगी आहे ना, जिला तू फक्त दोन वाक्यं दिलीस, तिचा एकच प्रवेश लिही. तिच्यासमोर एंट्री आलीय, ती चुकीची आहे हे तिला कळलंय, साहेब चांगला माणूस आहे, तिला त्यानेच नोकरी दिलीय, तो ओरडत नाही, धमकी देत नाही, फक्त म्हणतो की पुढच्या तिमाहीत उलटी एंट्री करून टाकू. तिने सही करावी असं मला वाचताना वाटलं पाहिजे, तसं लिहून पाठव.

तुझा,
नाटकवाला काका