समलंबमधला ‘लंब’

बेळगावजवळच्या खानापूरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांची मुलगी आठवीत, कन्नड माध्यमात. सुट्टीला चंदगडची मामेबहीण राहायला आली, तीही आठवीतच, पण मराठी माध्यमात. दोघी वह्या उघडून बसल्या तर आकृती एकच आणि नावं दोन. मराठी वहीत ‘समलंब चौकोन’, कन्नड वहीत ‘त्रापिज्य’. ताईंनी मुलीला समजावलं, “सम म्हणजे सारखं, लंब म्हणजे लांब. ज्याच्या बाजू सारख्या लांब, तो समलंब.” मुलगी म्हणाली, “मग तो चौरसच झाला की! इथं तर खालची बाजू मोठी आहे आणि वरची बारकी.” ताई विचारतात, की मग या आकृतीत सारखं आहे तरी काय? आणि त्रापिज्य हा मूळ संस्कृत शब्द असून समलंब नंतर आला, असं आहे का?

ताई, मुलीची शंका अगदी बरोबर आहे, आणि तिनं ती तिथल्या तिथं विचारली याचा मला फार आनंद झाला. तुम्ही सांगितलेला अर्थ मी आजवर अनेकांच्या तोंडून ऐकलाय. शिकवणीच्या एका छापील टाचणात तर मी चक्क ‘समलांब चौकोन’ असं वाचलंय. म्हणजे चूक एका घरापुरती नाही.

लंब आणि लांब हे शब्द एकाच घरचे आहेत, म्हणूनच घोटाळा होतो. संस्कृतात लम्ब् म्हणजे खाली लोंबणं. आपलं ‘लोंबणं’ त्यातूनच आलं आणि ‘लांब’सुद्धा. पण भूमितीत जो लंब आला तो लांबीचा नव्हे, लोंबण्याचा. घराचं बांधकाम चालू असेल तिथं जाऊन बघा. गवंडी भिंत सरळ उभी आहे का हे बघायला दोरीला वजन बांधून वरून खाली सोडतो, त्याला आपण ओळंबा म्हणतो. हा ओळंबाही संस्कृत ‘अवलम्ब’मधून आलेला. दोरी हलायची थांबली, की ती जमिनीशी काटकोन करून उभी राहते. भूमितीतला लंब म्हणजे ही थांबलेली दोरी.

आता मुलीला तीच आकृती परत काढू द्या. खाली मोठी बाजू, वर तिला समांतर बारकी बाजू. वरच्या दोन्ही टोकांवरून एकेक ओळंबा खालच्या बाजूपर्यंत सोडायचा. दोन्ही दोऱ्या मोजायच्या. सारख्याच भरतील, कारण समांतर रेषांमधलं अंतर कुठंही मोजलं तरी तेवढंच असतं. ज्याचे दोन्ही लंब सम, तो समलंब. सारखं आहे ते हे. आणि ते आकृतीत काढलेलंच नसतं, आपण काढायचं असतं, त्यामुळं मुलांना ते दिसत नाही.

हा शब्द पाठ्यपुस्तक मंडळात बसून कुणी घडवलेला नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, याच आकृतीच्या क्षेत्रफळाचा नियम असा दिलाय: ‘चतुर्भुजेऽन्यत्र समानलम्बे लम्बेन निघ्नं कुमुखैक्यखण्डम्’. शब्द जरा कडक वाटतात, पण सोडवले की सोपे आहेत. कु म्हणजे भूमी, खालची बाजू. मुख म्हणजे वरची बाजू. ऐक्य म्हणजे दोघींची बेरीज. खण्ड म्हणजे इथं अर्धा भाग. निघ्न म्हणजे गुणलेलं. समान लंब असलेल्या चौकोनात भूमी आणि मुख यांची बेरीज निम्मी करून लंबानं गुणायची. चंदगडच्या मुलीच्या वहीत ‘½ × समांतर बाजूंची बेरीज × उंची’ लिहिलेलं असेल, खानापूरच्या मुलीच्या वहीत तेच कन्नडमधून असेल. सूत्र हेच. समांतर बाजूंना भूमी आणि मुख म्हणणं मला तर आजही आवडतं. समांतर बाजू ‘अ’ आणि समांतर बाजू ‘ब’ यापेक्षा ते चटकन डोळ्यांसमोर येतं.

नावात बाजू नाही, कोन नाही, लंबच का? याचं उत्तरही लीलावतीतच आहे आणि ते मोठं ठसक्यात दिलंय. चार बाजूंची मापं तेवढी सांगून कुणी चौकोनाचं क्षेत्रफळ विचारलं, एकही लंब किंवा कर्ण सांगितला नाही, तर भास्कराचार्य म्हणतात, असा विचारणारा पिशाच आहे, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच! कारण चार बाजू तशाच ठेवून चौकोन दाबता येतो. कागदाच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून बघा. हळूहळू कलवत नेलं की बाजू त्याच राहतात आणि आतली जागा कमी कमी होत जाते. लंब सांगितला, की आकृती हलायची थांबते. क्षेत्रफळ पक्कं करणारी गोष्ट लंब आहे, म्हणून नाव लंबाचं.

(आपल्याकडं अजूनही शेताच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करणारे लोक आहेत. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली हीच रीत लिहून ठेवलीय, पण तिला ‘स्थूल’ फळ म्हटलंय, आणि लगेच पुढं ‘सूक्ष्म’ फळाची रीत वेगळी दिलीय. आयताला स्थूल रीत बरोबर बसते. शेत तिरकं असेल तर ती जागा जास्त दाखवते. जमीन घेताना हे ध्यानात असू द्या.)

आता त्रापिज्य. दिसायला हा शब्द पक्का संस्कृत आहे. आपल्या मुलांना तर तो त्रिज्येचा भाऊच वाटतो, कारण वर्तुळाच्या त्रिज्येला कन्नडमध्येही ‘त्रिज्य’च म्हणतात. पण दोघांचा काही संबंध नाही. त्रिज्या खरोखर आपली आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि त्रिज्या म्हणजे तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या. त्रापिज्य हा मात्र ‘ट्रॅपिझियम’ला चढवलेला संस्कृत पोशाख आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छोटं टेबल. तेव्हा ताई, समलंब त्रापिज्यावरून आलेला नाही. समलंब जुना, त्रापिज्य नवा. हिंदीत ‘समलंब चतुर्भुज’ म्हणतात, गुजरातीत ‘समलंब चतुष्कोण’.

म्हणून त्रापिज्य वाईट, असं मात्र मुलीला सांगू नका. तिच्या पेपरात तोच शब्द येणार आहे, तिच्या सरांना तोच शब्द कळणार आहे, आणि परभाषेतला उच्चार आपल्या वळणाचा करून घेणं सगळ्याच भाषा करतात. फक्त त्या शब्दाची फोड करून अर्थ शोधायला गेलं तर हाती काही लागणार नाही. अर्थासाठी समलंब, पेपरासाठी त्रापिज्य. सीमेवरच्या मुलांना प्रत्येक वस्तूची दोन नावं ठाऊक असतातच, त्यात हे एक.

खरा धोका मला दुसऱ्याच शब्दांचा वाटतो. दोन्ही भाषांत दिसायला सारखे आणि अर्थानं वेगळे, असे शब्द. ‘विस्तीर्ण’ घ्या. मराठीत ते विशेषण. विस्तीर्ण पठार, विस्तीर्ण जलाशय. कन्नड गणितात ‘विस्तीर्ण’ म्हणजे सरळ क्षेत्रफळ, नाम. ‘त्रापिज्यद विस्तीर्ण’ म्हणजे समलंबाचं क्षेत्रफळ. मराठी कानाला वाटतं, आकृती किती मोठी पसरलीय ते विचारतायत, आणि मुलं परिमिती काढून ठेवतात. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या एका मुलानं वर्षभर हे केलं होतं. त्याला गणित येत होतं, शब्द येत नव्हता. परिमितीला कन्नडमध्ये ‘सुत्तळते’. सुत्त म्हणजे भोवती, अळते म्हणजे माप. भोवतीचं माप. इतका स्वच्छ शब्द आहे की एकदा सांगितला की मूल विसरत नाही. सुत्तळते कळलं की विस्तीर्ण आपोआप वेगळं पडतं.

‘चतुर्भुज’चंही तसंच. कन्नडमध्ये कुठलाही चौकोन म्हणजे चतुर्भुज. आपल्याकडं चतुर्भुज म्हणजे विष्णू, नाहीतर लग्न झालेला मुलगा. मराठीनं तीन आणि चार बाजूंच्या आकृत्यांचे कोन मोजले, त्रिकोण आणि चौकोन. कन्नड पुस्तकांनी भुजा मोजल्या, त्रिभुज आणि चतुर्भुज. बाजू वाढल्या की मराठीही ‘बहुभुजाकृती’ म्हणत भुजांकडं वळते. दोन्ही मोजण्या बरोबर, कारण जेवढे कोन तेवढ्याच भुजा.

बहुभुजाकृतीचं नाव निघालंच आहे, तर समलंब तिथं कसा कामाला येतो हे दाखवतो, कारण तिथं या शब्दावर एक नवीन शंका येते. मुलगी ती विचारणार याची मला खात्री आहे.

येळ्ळूरच्या शिवारातला एखादा भाताचा तुकडा धरा. बांध वाकडेतिकडे, कोपरे पाच. अशा आकाराला एकच एक सूत्र नाही. मोजणीदार काय करतो, तर एका कोपऱ्यापासून लांबच्या कोपऱ्यापर्यंत सरळ साखळी टाकतो आणि उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यापासून त्या रेषेवर लंब पाडतो. आमचा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. मुंबई इलाख्यातली जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर.

मुख्य रेषा चार साखळ्या भरली. डाव्या हाताला दोन कोपरे आहेत. पहिला एका साखळीवर, त्याचा लंब एक साखळी. दुसरा तीन साखळ्यांवर, त्याचा लंब दोन साखळ्या. उजव्या हाताला एकच कोपरा, त्याचा लंब एक साखळी. शेताचे चार तुकडे झाले.

डावीकडचा पहिला त्रिकोण, पाया एक, उंची एक: अर्धा गुंठा. शेवटचा त्रिकोण, पाया एक, उंची दोन: एक गुंठा. उजवीकडचा अख्खा त्रिकोण, पाया चार, उंची एक: दोन गुंठे. आणि डावीकडं मधोमध राहिला तो समलंब. समांतर बाजू एक आणि दोन, बेरीज तीन, निम्मी दीड. दोघींमधलं अंतर दोन साखळ्या. दीड दुणे तीन गुंठे. एकूण साडेसहा गुंठे.

इथं मुलगी विचारेल, “मोजणीदारानं पाडलेले लंब तर एक आणि दोन साखळ्यांचे, सारखे नाहीत. मग हा समलंब कसा?” तिला सांगा, ते दोन लंब मुख्य रेषेवर पाडलेत. या चौकोनाच्या हिशोबानं तेच दोघे त्याच्या समांतर बाजू आहेत, एक भूमी आणि एक मुख. समलंब आडवा पडलाय, एवढंच. वही फिरवून दोन साखळ्यांची बाजू खाली आणायची. आता वरच्या बाजूच्या दोन्ही टोकांवरून ओळंबे सोडायचे. दोन्ही दोन-दोन साखळ्यांचे भरतील, आणि त्यातला एक तर मुख्य रेषेचाच तुकडा असेल. म्हणूनच सूत्रात ‘उंची’पेक्षा ‘लंब’ शब्द मला जास्त पटतो. उंची म्हटलं की मूल कागदावर उभी रेघ शोधतं आणि आडव्या पडलेल्या आकृतीत फसतं.

जाता जाता उताऱ्याचंही सांगतो, कारण मुलं आकडेमोड शिकली की घरचा कागद तपासू बघतात. आपल्या पहाणीवर, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावर, १.२० असं लिहिलेलं असेल तर तो दशांश अपूर्णांक नव्हे. एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. चंदगडच्या बहिणीच्या घरी सातबारा असेल, त्यावर हेक्टर आणि आर असणार. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित कमी.

राहिलं ‘क्षेत्रफळ’. यातलं फळ कुठलं, असं तुम्ही शेवटी जाताजाता विचारलंय. संस्कृत गणितात फल म्हणजे कृती करून हाती येणारं उत्तर. लीलावतीतच त्रिकोणासाठी ‘लम्बगुणं भूम्यर्धं स्पष्टं त्रिभुजे फलं भवति’ असं म्हटलंय, म्हणजे निम्मी भूमी लंबानं गुणली की त्रिकोणाचं फळ मिळतं. आणि क्षेत्र म्हणजे आपलं शेतच. ‘शेत’ हा शब्द ‘क्षेत्र’वरूनच आला. घनफळातलं फळही हेच.

बोलताना ‘समलंबाचं क्षेत्रफळ’ म्हटलं तरी चालतं, दर वेळी चौकोन जोडायलाच पाहिजे असं नाही. उच्चार मात्र ‘समलम्ब’ असा करायला लावा, म घोळवून. एकदा ‘लांब’ झालं की बाजू मोजायला मन धावतंच. आणि घरात जुनी किल्ली असेल तर तिला दोरा बांधून दोघींच्या हातात द्या. दाराला टेकवलेल्या शिडीच्या पायऱ्या वर जाताना बारीक होत असतील, तर त्यातल्या कुठल्याही दोन पायऱ्यांमध्ये एक समलंब तयारच आहे.