तान्ह्या बाळाचे पासपोर्ट छायाचित्र

प्रश्न : आमची मुलगी सात महिन्यांची आहे. पणजीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तिचा फोटो काढतात, की आम्हीच न्यावा? – एक वाचक, फोंडा

उत्तर : मोठ्यांचे छायाचित्र केंद्रातच काढले जाते, मात्र 4 वर्षांखालील मुलांचे अलीकडचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवरील, 4.5 × 3.5 सेंटिमीटरचे छायाचित्र पालकांनी सोबत न्यायचे असते. खरी कसोटी बाळाला स्थिर ठेवण्याची आहे. पोट भरलेले आणि झोप झालेली असताना, सुरकुती नसलेल्या पांढऱ्या चादरीवर तिला उताणे निजवून, खिडकीच्या सौम्य उजेडात वरून छायाचित्र घ्यावे. डोळे उघडे, तोंड मिटलेले व चेहरा समोर असावा आणि आपली सावली तिच्यावर पडू नये. आधाराचा हात, दुपटे, खेळणे चौकटीत नको. कपाळावरची काजळाची तीटही तेवढ्यापुरती पुसावी, असे मी आग्रहाने सुचवेन.