‘ख्लोरोस’ : हिरवा की ओला?

प्रश्न : क्लोरीन हे नाव ‘हिरवा’ या अर्थाच्या ग्रीक विशेषणावरून आलं, असं कॉलेजात शिकलो होतो. निवृत्तीनंतर हौसेनं होमर वाचतोय, तर टिपांमध्ये हेच विशेषण मधाला लावलेलं दिसलं, भीतीलाही! मध हिरवा कसा?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मध हिरवा नाही, निश्चिंत असा. शब्द आहे ‘ख्लोरोस’. स्त्रीलिंगी ‘ख्लोरा’, नपुंसकलिंगी ‘ख्लोरोन’; म्हणजे आपल्या ओला-ओली-ओलंसारखा नामाप्रमाणे बदलणारा. ‘ओला’ मी मुद्दाम निवडला. आमच्या कोकणात ओले काजू असतात, ओली हळद असते, घरात ओली बाळंतीण असते. यांतलं काहीही पाण्यानं भिजलेलं नाही. जे अजून सुकलेलं नाही ते ओलं. ख्लोरोसचा अर्धा संसार याच अर्थावर चालतो.

होमरच्या ‘ओदिसी’ महाकाव्याचा नववा सर्ग काढा. एकाक्ष राक्षस पॉलिफेमसनं ऑलिव्हचा सोटा तोडून वाळायला ठेवलाय, तो ‘ख्लोरोस’. काव्याचा नायक ओदिसियस त्याचं टोक विस्तवात धरतो, तेव्हा कवी म्हणतो की ख्लोरोस असूनही तो पेट घेण्याच्या बेतात आला. इथे ‘हिरवा’ लिहिलंत तर ‘असूनही’ वाया गेलं. ‘ओला’ लिहा, वाक्य लगेच उभं राहतं. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ नाटकातलं ख्लोरोस चीज म्हणजे ताजं चीज. युरिपिडिसच्या ‘मीडिया’ नाटकात तर अश्रू ख्लोरोस आहेत.

उरलेला अर्धा संसार रंगाचा. तो पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत पसरलेला आणि बहुधा फिकटाकडे झुकलेला. मध यातच येतो. होमरची भीतीही यातच. आपल्याकडे घाबरलेला माणूस पांढराफटक पडतो, त्यांच्याकडे ख्लोरोस. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ‘प्रोग्नॉस्टिक’ या ग्रंथात मरणाच्या वाटेवरच्या रोग्याचा चेहरा ख्लोरोस किंवा काळा सांगितलाय. बायबलातल्या ‘प्रकटीकरणा’च्या सहाव्या अध्यायात मृत्यू ज्या घोड्यावर बसून येतो, तोही ख्लोरोसच. घोड्यापेक्षा प्रेताचा रंग डोळ्यांपुढे आणा.

संस्कृतवाल्यांना यात नवल वाटू नये. ‘हरि’ आणि ‘हरित’ याच मूळ धातूच्या घराण्यातले, आणि ‘हरि’सुद्धा कधी पिवळा, कधी पिंगट, कधी हिरवा. ‘हिरण्य’ही त्यांचाच भाऊबंद.

क्लोरीनचं म्हणाल, तर रसायनशास्त्रज्ञ शेलेनं तो वायू 1774 मध्ये तयार केला आणि 1810 मध्ये दुसरे रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी त्याचं नाव ठेवलं. वायू पिवळट हिरवा, त्यामुळे नाव चपखल आहे. तुमच्या प्राध्यापकांचं चुकलं नव्हतं, फक्त त्यांना मधाशी कर्तव्य नव्हतं.

अवघड जागा एकच, प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफो. प्रिय व्यक्तीला पाहून ती म्हणते, मी गवताहून ख्लोरा झालेय. बरेच अनुवादक तिला फिकी पाडतात. मला ते पटत नाही. त्याच कवितेत तिला घाम फुटलाय, अंग थरथरतंय. शिवाय तुलना गवताशी आहे. मी तिला हिरवीच ठेवीन. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात लोक ज्या गवतावर जेवायला बसतात, तेही ख्लोरोस. तिथे तर वादच नाही, खुशाल हिरवं लिहा.