नववीतल्या मुलीला मँडरिनसाठी, म्हणजे चिनी भाषेसाठी, चीनमधल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी बोलू द्यावं, की क्लासच लावावा?

बोलू द्या. क्लासचं नंतर बघता येईल.

२०१६ साली मी नाशिकलाच नववीत होते. बीजिंगमध्ये हिंदी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीशी दर शनिवारी तासभर बोलायचे. अर्धा तास माझं मँडरिन, अर्धा तास तिचं हिंदी. आपले सात वाजले की तिकडे साडेनऊ. तिला मी 'च्येच्ये' म्हणायचे, म्हणजे ताई.

आमची निफाडला द्राक्षबाग. पहिल्याच कॉलला मी ऐटीत सांगितलं, "वो पापा माय फूथाव", माझे बाबा द्राक्षं विकतात. तिने विचारलं, "कशाला विकत घेतात एवढी?" 'माय'चा सूर वरून खाली आपटला तर विकणं, खोल खालीच ठेवला तर विकत घेणं. हे दोन्ही शब्द मी क्लासच्या वहीत पानभर लिहिले होते, पेपरात गुणही मिळवले होते. त्या दिवशी च्येच्येने वीस मिनिटं तेवढा एकच शब्द म्हणून घेतला, स्वतः हवेत तळहात वरखाली करत. आई पोळ्या टाकून बघायला आली, कॉलवर हे चाललंय काय!

दुसरी गोष्ट उच्चारांची. आमचे सर शिकवायचे, पिनयिनमधला, म्हणजे मँडरिन इंग्रजी अक्षरांत लिहितात त्यातला, बी म्हणजे ब आणि डी म्हणजे ड. च्येच्येच्या तोंडून मला मात्र स्वच्छ 'पापा' ऐकू यायचं. मी तसं सांगितल्यावर भर वर्गात "इंग्रजी वाचता येत नाही का?" असं ऐकून घ्यावं लागलं. सर चुकत होते. मँडरिनमध्ये आपल्यासारखे ब, ड, ग नाहीतच. तिथे फरक आहे तो प आणि ओठ मिटून म्हटलेला फ, त आणि थ, क आणि ख यांचा. मराठी मुलांना तो घरातूनच येतो. उलट च्येच्येला 'बाल' आणि 'पाल' वेगळे ऐकू यायलाच दोन महिने लागले. म्हणून सांगते, मुलीला सुरुवातीला उच्चार देवनागरीत लिहू द्या, वर सुराची खूण करून. क्लासवाले नको म्हणतील, ऐकू नका. आज अंबडच्या कारखान्यातून चिनी मशीनवाल्यांना मीच फोन लावते आणि त्यांना माझं बोलणं पहिल्या झटक्यात कळतं.

मात्र चिनी अक्षरं गप्पांनी येत नाहीत, ती रोज गिरवावी लागतात. एचएसके, म्हणजे चिनी भाषेची प्रमाणपत्र परीक्षा, द्यायची असेल तर त्यासाठी क्लास लावा. ओळख शाळेमार्फतच करून घ्या आणि कॉल हॉलमध्ये, तुमच्यासमोर होऊ द्या. आम्ही वीचॅट हे चिनी अॅप वापरायचो, पण ते जून २०२० पासून आपल्याकडे बंद आहे. व्हॉट्सअॅप तिकडे चालत नाही. तेव्हा बोलणार कशावर, ते आधी ठरवा. आणि पहिल्या कॉलला धड्यातलं वाक्य नको, तुमच्या घरात काय चालतं ते तिला सांगू द्या.