रिपॉझिटरीतून पीडीएफ काढल्या, तरी डेटास्टोअरची जागा मोकळी का होत नाही?

जॅकरॅबिट ओक या आशय साठवणाऱ्या रिपॉझिटरी-प्रणालीतून हजारो जुन्या पीडीएफ काढूनही डेटास्टोअरचा (मोठ्या फायलींचा आशय ठेवण्याच्या जागेचा) फोल्डर जसाच्या तसा राहिला, तेव्हा त्यातल्या जुन्या तारखांच्या फायली हाताने काढाव्यात का, असे आपण विचारले आहे. कृपया एकाही फायलीला हात लावू नका.

फाइल डेटास्टोअरमध्ये बायनरीला (पीडीएफ, छायाचित्र अशा फायलीला) तिच्या आशयाच्या हॅशचेच, म्हणजे आशयावरून काढलेल्या सांकेतिक अक्षरांच्या ओळीचेच, नाव मिळते, आणि त्याच्या पहिल्या सहा अक्षरांपासून एकात एक असे तीन फोल्डर तयार होतात. त्यामुळे तीच पीडीएफ दहा ठिकाणी अपलोड केली तरी डिस्कवर प्रत एकच असते, आणि फायलीची तारीख जुनी असली तरी ती वापरात नाही असे ठरत नाही. कोणती बायनरी किती नोड (रिपॉझिटरीतल्या नोंदी) वापरतात याची मोजदाद डेटास्टोअर ठेवत नाही. म्हणूनच गार्बेज कलेक्शन, म्हणजे बेवारशी फायली शोधून पुसण्याचे काम, वेगळे चालवावे लागते. त्याच्या मार्क टप्प्यात सगळे नोड धुंडाळून संदर्भांची यादी बनते आणि स्वीप टप्प्यात यादीबाहेरच्या फायली पुसल्या जातात, मात्र मूळ सेटिंगनुसार २४ तासांहून जुन्या असलेल्याच. ही मुदत कमी करण्याचा मोह टाळावा, कारण मोठा व्हिडिओ अपलोड होताना बायनरी आधी डिस्कवर पोहोचते, नोड नंतर सेव्ह होतो, आणि मधल्या काळात ती फाइल बेवारशी दिसते.

कलेक्शन चालवूनही जागा सुटत नसेल, तर बहुधा संदर्भ अजून जिवंत असतात. नोड काढला तरी त्याचा व्हर्जन इतिहास उरतो, आणि सेगमेंट स्टोअरमध्ये (नोड साठवण्याच्या एका पद्धतीत) जुन्या रिव्हिजनही, म्हणजे रिपॉझिटरीच्या आधीच्या स्थितीही, बायनरी धरून ठेवतात. म्हणून आधी नको असलेल्या व्हर्जन काढाव्यात, मग रिव्हिजन क्लीनअप करावे आणि शेवटी गार्बेज कलेक्शन.

डेटास्टोअर सामायिक असेल तर अधिक जपावे लागते. मी एकदा मुख्य सर्व्हरची नक्कल करून चाचणी सर्व्हर उभा केला होता. दोघांचे डेटास्टोअर एकच होते आणि रिपॉझिटरीचा आयडी बदलायचा राहून गेला होता. चाचणी सर्व्हरवर कलेक्शन चालवले आणि नक्कल केल्यानंतर मुख्य साइटवर चढवलेली छायाचित्रे गायब झाली, कारण नकलेच्या यादीत ती नव्हतीच. बॅकअप होता म्हणून निभावले. आपल्याकडे अशी नक्कल असेल तर ओकच्या ओक-रन या साधनातील रिसेटक्लस्टरआयडी आज्ञेने तिचा आयडी आधी बदला, प्रत्येक रिपॉझिटरीवर फक्त मार्क चालवा आणि त्यानंतर कोणत्याही एकीवर स्वीप करा.