इजिप्तनं मोजलं कसं?

प्रश्न: डॉक्टर, इजिप्तमध्ये हेपेटायटिस सी हा यकृताचा आजार कमी झाला म्हणतात. अख्ख्या देशाचं हे मोजतात तरी कसं? – एक वाचक, सातारा

उत्तर: घरोघरी जाऊन, रक्त घेऊन. २००८च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या १४.७ टक्के लोकांत प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, सापडली. २०१५मध्ये १० टक्क्यांत. पण मेख अशी, की आजार गेला तरी प्रतिपिंडं रक्तात राहतात. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, रक्तात आहे का हे तपासलं तेव्हा २०१५चा आकडा ७ टक्क्यांवर आला. म्हाताऱ्यांत प्रमाण जास्त, कारण पूर्वी तिथे रक्तकृमींवर गावोगाव इंजेक्शनं दिली, सुया त्याच त्या, त्यातून विषाणू पसरला. आमचा कंपाउंडरही काचेच्या सिरिंजा स्टोव्हवर उकळायचा. गर्दीच्या दिवशी किती उकळल्या, देव जाणे! २०१८-१९मध्ये तिथे जवळपास ५ कोटी लोकांची तपासणी झाली.